पाचव्या फेरीला दिसलेला डबा

मित्रांनो, मला भीती वाटते. शर्यतीच्या गाडीला असं बोलणं शोभत नाही, पण माझं वय झालंय, आता उसना तोरा कुणासाठी मिरवू? मी एक जुनी, बुटकी, निळी शर्यतीची गाडी आहे. लोक मला बघायला येतात आणि म्हणतात, "काय रुबाब असेल हिचा!" रुबाब कसला डोंबलाचा! सगळा जन्म जीव मुठीत धरून काढलाय मी.

माझा जन्म फ्रान्समधल्या ले मान्सजवळच्या एका खेड्यात, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या फुल्बेरमामांच्या शेडमध्ये झाला. इंजिन एका साध्या घरगुती मोटारीचं. पातळ पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून ठोकून मामांनी माझं अंग घडवलं. तेलाचा दाब दाखवणारा काटा मात्र भंगारातल्या ट्रॅक्टरचा, आणि तो पहिल्या दिवसापासून लबाड निघाला. सगळं ठीक असताना पडायचा, बिघाड असला की ताठ उभा राहायचा. मामांचा भाचा आर्मेल त्याला टिचकी मारून म्हणायचा, "मामा, हा अगदी तुमच्यावर गेलाय. विचारलं ते सोडून बाकी सगळं सांगतो!"

"गप रे दूधवाल्या!" मामा म्हणायचे. आर्मेल पोटासाठी दुधाची गाडी चालवायचा. पण त्याचं सगळं चित्त माझ्यात, शर्यतीत मला चालवायचा तोच. चोवीस तासांच्या शर्यतीत आमच्या खेड्याची गाडी एकदा तरी शेवटपर्यंत धावावी, एवढंच त्याचं स्वप्न होतं. त्याची मोठी बहीण सोलांज गळ्यात दोन घड्याळं अडकवून फेऱ्यांची नोंद ठेवायची आणि आम्ही समोरून जाताना पाटी दाखवायची. पाटीवर बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, "सावकाश". आर्मेल हसायचा आणि वेग वाढवायचा.

त्या काळी आमच्या शर्यतीत एक कडक नियम होता. पेट्रोल, पाणी आणि तेल ठरलेल्या फेऱ्या झाल्याशिवाय भरायचं नाही. गाडी पिटमध्ये, म्हणजे आमच्या थांब्यावर आली, की एक अधिकारी चिमटा घेऊन यायचा. तो झाकणांवरची शिशाची मोहोर तोडायचा, आम्ही भरून घ्यायचो, आणि मग तो नवी तार ओवून, शिसं दाबून पुन्हा मोहोर लावायचा. पुढच्या तीस फेऱ्या त्या झाकणाला कुणी हात लावला की गाडी शर्यतीतून बाद. मग इंजिन कोरडं पडो, नाहीतर फुटो.

आमच्या वाट्याला आलेले अधिकारी होते मस्यू, म्हणजे श्रीयुत, कॉर्निए. माणूस सरळ, पण अतिशय सावकाश. मामांचं आणि त्यांचं पहिल्या थांब्यापासूनच वाजलं होतं.

त्या वर्षी शर्यतीची रात्र उलटून सकाळचे सात वाजले होते. मैदानावर धुकं होतं. आमच्या खेड्यातले लोक कठड्याला टेकून पावाला रिएत, म्हणजे शिजवलेल्या मांसाचा मऊ लगदा, फासून खात होते आणि आमचं नाव घेऊन ओरडत होते, कारण लहान गाड्यांच्या गटात आम्ही पहिले होतो! माझं इंजिन तोवर दमलं होतं. ते तासाला लिटरभर तेल पिऊन टाकायचं. पिटमध्ये आले तेव्हा माझ्या पोटात तेल जेमतेम तळाला राहिलं होतं.

मामांनी पेट्रोल भरलं, पाणी भरलं. तेलाचा डबा उचलायला ते वाकले, तेवढ्यात कॉर्निएंनी जुनी तार उजेडात धरून निरखायला सुरुवात केली.

"अहो मस्यू, मोहोर तपासताय की सोनं?" मामा डबा तिथेच ठेवून उसळले.

"ही तार मला सैल वाटते," कॉर्निए शांतपणे म्हणाले.

"तुमची तार, तुमचा चिमटा, तुमचीच बोटं! सैल असेल तर आरशासमोर उभे राहून स्वतःला रागवा!"

"आवाज खाली, मस्यू. माझं काम मला करू द्या."

"काम? इतक्या वेळात आमच्या गावचा पाद्री दोन लग्नं लावतो!"

लोक खो खो हसले, आणि मामांना आणखी चेव आला. शेवटी कॉर्निएंनी विचारलं, "झालं का तुमचं भरून?"

"आमचं कधीच झालंय! तुमचंच व्हायचंय!"

चिमटा कचकन दाबला गेला. तिन्ही झाकणांवर मोहोर लागली. तेलाचा भरलेला डबा पिटच्या फळीखाली तसाच राहिला.

मित्रांनो, मला कळलं होतं. ज्याचं पोट रिकामं त्याला कळणार नाही तर कुणाला? पण मला तोंड कुठे होतं? आर्मेलने चावी फिरवली आणि मला निघावंच लागलं.

पहिल्या फेरीतच उजव्या वळणावर उरलंसुरलं तेल एका बाजूला धावलं आणि माझे आतले भाग कोरडे घासले. काटा धाडकन पडला. आर्मेलने त्याला टिचकी मारली. "पुन्हा सुरू झाली का तुझी नाटकं?" तो म्हणाला आणि गाऊ लागला. त्या गाण्याची मला इतकी भीती वाटली की काय सांगू! लांबच लांब सरळ रस्त्यावर आम्ही भरधाव होतो. इंजिन जाम झालं तर मागची चाकं जागच्या जागी आवळणार, मी भोवऱ्यासारखी फिरणार आणि झाडांवर जाणार. त्या झाडांच्या आणि आर्मेलच्या मध्ये मामांनी ठोकलेला पातळ पत्रा, बस्स.

दुसरी फेरी. तिसरी. आता वळण नसतानाही काटा खालीच राहिला होता. आत एक बारीक टकटक सुरू झाली होती. वाऱ्याच्या आवाजात आर्मेलला ती ऐकू येत नव्हती. प्रत्येक वेळी पिटसमोरून जाताना मला वाटायचं, आता कुणीतरी थांबवेल. चौथ्या फेरीला मामा दिसले. कठड्यापाशी उभे होते, चेहरा पांढराफटक. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पिटमध्ये काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आम्ही निघाल्यावर मामांचा पाय त्या डब्याला लागला होता. डबा भरलेला! सांगावं तर गाडी बोलवावी लागणार, मोहोर तुटणार, शर्यत संपणार. सगळ्या गावासमोर, त्या कॉर्निएसमोर मान खाली जाणार. कदाचित निभावेलही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एक फेरी सांगितलं. दोन फेऱ्या सांगितलं.

चौथ्या फेरीनंतर सोलांज घड्याळ बघत म्हणाली, "मामा, दोन सेकंद उशिरा आला. काही बिघडलंय का गाडीत?"

मामांना एकदम रडू फुटलं. "मी तेल घातलंच नाही गं, पोरी!"

सोलांजने पाटीवर "थांब" लिहिलं. पण ती मामांकडे वळली. "तो ऐकायचा नाही, मामा. माझी पाटी तो वाचतच नाही!"

मामा पिटच्या फळीवर चढले. आम्ही धुक्यातून पाचव्यांदा आलो, तेव्हा आर्मेलने पाटीकडे पाहिलंही नाही. पण फळीवर फुल्बेरमामा उभे होते, दोन्ही हातांनी तेलाचा डबा डोक्यावर धरून. डब्याचं झाकण अजून उघडलेलंसुद्धा नव्हतं.

आर्मेलचं गाणं तोंडातच थांबलं. काही विचार करायच्या आत त्याने क्लच पूर्ण दाबला आणि चाकं इंजिनापासून सुटी केली. चढ संपला, पुलाखालचं वळण आलं, आणि पुढच्या उतारावर माझ्या पोटात खाडकन आवाज झाला. इंजिन दगड झालं. पण चाकं फिरत राहिली. मागून दोन मोठ्या गाड्या किंचाळत दोन्ही बाजूंनी गेल्या. आर्मेलने मला हळूहळू कडेच्या वाळूत नेलं आणि उभं केलं. मग त्याने सुकाणूवर कपाळ टेकलं.

मामा धापा टाकत आले, तेव्हा तो वाळूतच बसला होता.

"कधी कळलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

मामा खोटं बोलू शकले असते. कुणाला कळणार होतं? "पहिल्याच फेरीला," ते म्हणाले.

"म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोरून मी चार वेळा गेलो, मामा."

मामांनी माझ्या मागच्या पत्र्याला खांदा लावला. आर्मेल उठला. दोघांनी मिळून मला ढकललं.

पुढची वर्षं मी शेडच्या मागे गवतात काढली. माझ्या आसनावर कोंबड्यांनी अंडी घातली. मामांनी पुन्हा शर्यतीची गाडी बांधली नाही. ट्रॅक्टर मात्र दुरुस्त करत राहिले आणि प्रत्येक ट्रॅक्टरचं तेल तीनदा बघायचे. गिऱ्हाइकं चिडवायची, "मामा, आता चमचा घालून चव पण घ्या!" ते हसायचे नाहीत.

आता एका हौशी बाईंनी मला नवं इंजिन दिलंय. जुन्या गाड्यांच्या शर्यतीसाठी त्या मला पुन्हा इथे ले मान्सला आणतात. मागच्या खेपेला माझ्या शेजारी आजकालची एक शर्यतीची गाडी उभी होती. तिच्या अंगात शेकडो तारा. तेल थेंबभर कमी झालं तरी ती लगेच पडद्यावर कळवते. मला तिचा फार हेवा वाटला. पण तिचे मेकॅनिकही माणसंच आहेत. तेही भांडतात, तेही विसरतात. ते बोलत असताना मी त्यांचे चेहरे बघत होते, आणि मला धडधडत होतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, धूळ पुसा, तेल घाला, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. विसरणं मी समजू शकते. ज्यांनी मला हातांनी घडवलं, तेही विसरले. तुमच्या हातून काही राहून गेलं आणि ते तुम्हाला कळलं, तर कृपा करून पहिल्याच फेरीला सांगा. आमच्यात बसलेल्या माणसाला पाचवी फेरी मिळेलच असं नसतं.