कात्रीसाठी लिहिलेलं गाणं

माझा दादा पोलीस कोठडीत मेला. त्यावरच मला माझा पहिला सिनेमा काढायचा होता. पटकथा लिहून देणारे काका या धंद्यात मुरलेले. म्हणाले, "मध्ये एक चावट गाणं घालू. सेन्सॉरवाले त्याच्यावर तुटून पडतील आणि कोठडीकडे कानाडोळा करतील. माझी नेहमीची युक्ती आहे, पोरी."

शिसारी आली, तरी मी मान डोलावली.

आज सेन्सॉरकडे आधीच मंजुरीला पाठवलेली पटकथा परत आली. कोठडीची सगळी पानं लाल रेघांनी खोडलेली. गाणं मात्र सेन्सॉरच्या साहेबांना जाम आवडलंय म्हणे!

मी काकांचा गळाच धरणार होते, पण युक्ती फसली म्हणून ते आधीच ढसाढसा रडत होते. तेवढ्यात आईचा फोन आला.

"सिनेमात दादाचं काम कोण करणार गं? चांगला उंच मुलगा बघ हं."