बाराव्या दिवसापर्यंत

बाळारामकाकांचा उजवा हात मधूनच हवेत वर जाई आणि डोळ्यांसमोरचं कोळ्याचं जाळं बाजूला सारावं तसा हळूच आडवा फिरे. पण त्या खोलीत जाळं असणं शक्य नव्हतं. रबाळ्याच्या कारखान्यांमागे आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची जी खोली आहे, तिथे हवासुद्धा गाळून आत येते, भिंती रोज पुसल्या जातात, आणि उंदरांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही म्हणून काम करताना फक्त लाल दिवा लागतो. त्या खिडकी नसलेल्या तांबूस संधिप्रकाशात कुठलाच ऋतू शिरत नसे. काका दारातून आत आले की सगळ्या पिंजऱ्यांतली खुडबुड एकदम थांबे, जणू खोलीनेच श्वास रोखून धरावा. मग त्यांचा वास ओळखून ती पुन्हा सुरू होई.

मी तिथे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गेले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे साधी बाटली उचलतानाही आधी कुणाची तरी परवानगी घ्यावी असं वाटे. काका तिथले जुने सेवक. उंदरांचं खाणं, भुसा, बाळंतपणं, सगळं त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी मी उंदराला हात लावायला कचरले, तेव्हा ते हसले होते.

"बाय, उंदराला भितेस अन् डॉक्टर व्हनार?"

"डॉक्टर नाही काका, संशोधक."

"मंजे दवा न देनारी डॉक्टर."

आमचं काम डोळ्यांचं होतं. सात दिवसांची, अजून डोळे मिटलेली पिल्लं आईसकट काचेच्या पेटीत ठेवायची आणि आत भरपूर प्राणवायू सोडायचा. इतका, की डोळ्याच्या पडद्यावर वाढू लागलेल्या रक्तवाहिन्या आपली आता गरज नाही असं समजून विरून जातात. वयाच्या बाराव्या दिवशी पिल्लं साध्या हवेत आणायची. मग त्याच हवेत, जिच्यात आपण सगळे जगतो, त्यांचा डोळा गुदमरतो आणि घाबरल्यासारख्या नव्या वाहिन्या फुटू लागतात, नको तिथे, वेड्यावाकड्या, पातळ, गळक्या. सतराव्या दिवशी पिल्लांना मारून ते डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हे मी पुस्तकातून तीनदा वाचलं होतं. काका उलव्याकडचे, वडील मिठागरात राबलेले. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं. "खाडीची मूलची वाट बुजवली का पानी बांध फोडून भलतीकडं घुसनारच, बाय."

प्राणवायूत पाजणारी आई लवकर थकते. म्हणून रोज तिला बाहेर काढून विसावलेली दुसरी आई आत सोडायची, आणि परक्या पिल्लांना तिने खाऊन टाकू नये म्हणून काका तिच्या पिंजऱ्यातला भुसा मुठीत चोळून तो वास एकेका पिल्लाच्या पाठीला लावत. देवाला गंध लावावं इतक्या हलक्या बोटाने. आयांना त्या हाताची सवय होती. नवखा हात आला की त्या पिल्लांचा घास करतात, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं.

आठव्या दिवशी काकांनी थकलेलीच आई परत आत सोडली. तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

"काका, ही तीच आहे."

त्यांनी तिला उचलून, आया ओळखण्यासाठी जिथे चिरा दिलेला असतो, तो तिचा कान बराच वेळ चाचपला. "चिरा बोटाला लागला नाय गं."

"बोटाला कशाला? बघा ना."

त्यांनी मला खुणेने बोलावलं. बाहेरच्या व्हरांड्यात, पांढऱ्या उजेडात, त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. डोळ्यांच्या दवाखान्यात काढलेला फोटो होता: नारिंगी गोळा, आणि त्याच्या कडेला बारीक लाल गुंतवळ. काकांची साखर पंधरा वर्षांची जुनी. ते गुंतवळ मी ओळखत होते. आधीच्या पिल्लांच्या डोळ्यांत, काचेखाली, मी ते तासन्‌तास मोजलं होतं. काका हवेतून सारत असत ते जाळं खरंच होतं. फक्त ते खोलीत नव्हतं.

"डॉक्टर बोलला, लगेच ये, डोल्यात सुई मारू. ही पिल्लं भायेर निघाली का जातो. तवर मॅडमना नको बोलू. काढतील मला हितून."

मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. मला त्यांना सांगायला हवं होतं. पण माझ्या मनात दुसराच हिशेब चालू झाला: नवा माणूस, बिथरलेल्या आया, खाल्लेली पिल्लं, वाया गेलेलं वर्ष. फक्त चार दिवस. मी म्हणाले, "बरं, काका."

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी पेटीचं झाकण उघडलं. काकांनी पहिलं पिल्लू तळव्यावर घेतलं आणि ते तसेच उभे राहिले.

"बाय, दिवा का घालवलास?"

दिवा चालू होता. त्याचा तांबडा उजेड त्यांच्या गालांवर, भुवयांवर, उघड्या डोळ्यांवर पडलेला होता, आणि ते डोळे माझ्या खांद्यामागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी पाहत असावेत तसे स्थिर होते. पिंजरे गप्प होते. मी उत्तर दिलं नाही. दिलं नाही तर ते कदाचित खरं ठरणार नाही, असं मला वाटलं. मग मी त्यांच्या तळव्यावरचं पिल्लू घेतलं आणि त्यानंतर त्यांचा हात धरला. हा क्रम मला अजून बदलता येत नाही.

दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलं होतं. एक डोळा गेला. दुसऱ्याला सुया दिल्या. त्यात आता माणसाची आकृती दिसते, चेहरा नाही.

महिन्याने मी उलव्याला त्यांच्या घरी गेले. आवाजावरून ओळखून त्यांनी मला जवळ बसवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पिल्लांनी डोले उघडले का गं?"

"हो काका. चौदाव्या दिवशी. सगळ्यांनी."

"पयलं कोनाला बघितलं?"

"मला."

"घाबरली असतील," ते हसले. मग म्हणाले, "फुडचं नको सांगू. सतरावा म्हाईत हाय मला."

प्रकल्प पूर्ण झाला. त्या पिल्लांच्या डोळ्यांची चित्रं सगळ्यांत स्वच्छ आली, असं मॅडम म्हणाल्या. काळ पुढे जातो म्हणतात, आणि जातही असेल. पण जे दिवस आपण मोजून राखले, ते आपल्याला सोडून जात नाहीत. माझ्यासाठी अजून तो आठवाच दिवस चालू आहे, काका मोबाईल पुढे धरून उभे आहेत, आणि "आजच चला, काका" एवढंच म्हणायला अजून वेळ आहे.