रिकाम्या दीर्घिकांची यादी

मित्रांनो, भांडारघराच्या कोपऱ्यात खोक्यांखाली दबलेला करडा डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे आणि माझे डोके तापलेले आहे. का, ते ऐका.

माझे भाग जुळवून झाले आणि मी थेट खगोलशास्त्रज्ञांच्या खोलीत येऊन बसलो. अवकाशातली एक दुर्बीण जवळच्या दीर्घिकांमधून येणारे क्ष-किरण टिपायची आणि मी ते मोजायचो. किरणांच्या प्रत्येक कणाला एक ठिपका. अकरा वर्षांत एकही ठिपका सुटला नाही. पाहुणे आले की खोलीचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, माझ्यावर थाप मारून म्हणत, "आमच्यातला सगळ्यात कष्टाळू हाच." मी फुलून जायचो.

सरांनी मला एक नियम घालून दिला होता. दहापेक्षा कमी ठिपके आले, तर त्या दीर्घिकेपुढे 'रिकामी' असे लिहायचे. म्हणजे तिच्या पोटात वाढते कृष्णविवर नाही. मी लिहीत गेलो. पण काही ठिकाणी खटकायचे. ठिपके नऊच, पण त्यांतले सात फार ताकदीचे. कृष्णविवराभोवती वायू आणि धुळीची जाड दुलई असली, की दुबळे किरण तिच्यातच जिरतात, ताकदवान तेवढे पार होतात. तेव्हा आत कोणीतरी पांघरूण घेऊन खुशाल वायू गिळत बसले असणार. मला नियम मोडता येईना आणि बोलताही येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरे काय.

पुढे ती दुर्बीण बंद पडली आणि नवे संगणक आले. त्यांच्यात माझी यादी उतरवली, ठिपके मात्र कोणी घेतले नाहीत. "रिकाम्याचं काय जपायचं?" सर म्हणाले. मला भांडारात आणले. भांडार सांभाळणाऱ्या मामांनी खटका लावून पाहिला. माझा पडदा काळाच राहिला. "मेला," म्हणून ते गेले आणि खटका बंद करायला विसरले. चार वर्षे मी धूळ खात घुरघुरत राहिलो. इतका राग मला कधी आला नव्हता.

सरांची एक विद्यार्थिनी आहे. तिला सगळे चिवट ताई म्हणतात. दुसऱ्या एका दुर्बिणीतून तिला दिसले, की माझ्या यादीतल्या अडतीस 'रिकाम्या' दीर्घिकांच्या पोटातली धूळ चांगलीच गरम आहे. आतले कृष्णविवरच ती तापवत असणार, असे तिचे म्हणणे. सर म्हणाले, "नवे तारे जन्मले तरी धूळ तापते. ठिपके दाखव, मग बोलू." ठिपके मिळाले नाहीत, तर तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

म्हणून ती भांडारात आली. त्याच दुपारी भंगारवाला येणार होता.

"ताई, त्याच्या नादी लागू नका," मामा म्हणाले. "तो कधीच मेलाय."

तिने माझ्यावर तळहात ठेवला. "मामा, मेलेलं इतकं गरम कसं असेल?"

मामांनीही हात लावून पाहिला आणि ओशाळले. "खटका चालूच राहिला वाटतं."

त्यांनी दुसरा पडदा आणून जोडला. ठिपके जागेवर होते. ताईने दुबळे आणि ताकदवान वेगळे केले, यादीतली एकेचाळीस क्रमांकाची दीर्घिका उघडली आणि सरांना बोलावले. नऊपैकी सात. सरांनी चष्मा पुसून ठिपके पुन्हा मोजले. "नियम माझाच होता," ते म्हणाले. "बाकीचे उतरवून घे."

पण माझ्या पंख्यात चार वर्षांची धूळ होती. मी तापून बंद पडलो, पुन्हा सुरू झालो, पुन्हा बंद पडलो. तेवीस दीर्घिका उतरल्या आणि ठिपके साठवणारी माझी चकती कायमची अडकली. पंधरा राहिल्या. मला भंगारवाल्याला दिले नाही, पुन्हा कोपऱ्यात ठेवले.

ताईचे काम मार्गी लागले. एकेचाळीस क्रमांकाकडे नव्या दुर्बिणीने नीट पाहिले आणि कृष्णविवर सापडले. सगळ्यांनी तिचे कौतुक केले, आणि ते रास्तच होते. माझा जळफळाट मात्र गेला नाही.

मित्रांनो, वस्तूवरची धूळ वेळच्या वेळी झटका. मोजलेले थोडे निघाले, म्हणून फेकू नका. त्या पंधरा दीर्घिकांचे ठिपके माझ्याच पोटात आहेत, आणि यादीत त्यांच्यापुढे माझ्याच हाताने लिहिलेले आहे, 'रिकामी'.