चाचणीपुरती शांतता

डेलिथने फ्रिजचा प्लग काढला आणि त्याची घरघर थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग खिडक्यांच्या कड्या पुन्हा दाबून पाहिल्या, चौकटींवरच्या हवेच्या झडपा बंद केल्या, स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं उघडी टाकली. खोल्या रिकाम्या हव्या होत्या, जमिनीवर गालिचा नको होता. काल कुणीतरी विसरलेली शिडी तिने स्वतः जिन्याखाली नेऊन ठेवली.

नीथ गावातली ही जुनी शाळा. वर्गांचे फ्लॅट करायचं काम गेलं वर्षभर डेलिथच्या देखरेखीखाली चाललं होतं. आता एकाच गोष्टीवर सगळं अडलं होतं. एका घरातला आवाज शेजारच्या घरात किती जातो ते मोजायचं, आणि तो नियमात बसला तरच इमारत निरीक्षक पूर्णत्वाचा दाखला देणार. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतलेली नर्स शुक्रवारी सामान घेऊन येणार होती. तिचे दिवस भरत आले होते आणि जुनी जागा तिने सोडून दिली होती.

डेलिथला या सगळ्याची काळजी वाटायला हवी होती. पण आईला पोचवून आल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी ती साइटवर हजर झाली. घरी राहा म्हणून मुकादमाने सांगून पाहिलं, तर तिने त्यालाच सिमेंटचा हिशेब विचारला. डबा उघडायची, खायची, काय खाल्लं ते आठवायचं नाही. रडू आलं नाही याचंही तिला विशेष काही वाटलं नव्हतं.

ध्वनिचाचणीवाला कीरन ब्रिस्टलहून आला. हडकुळा, हळू बोलणारा तरुण. त्याने एका फ्लॅटमध्ये मोठा स्पीकर मांडला, शेजारच्या फ्लॅटमध्ये तिकाटण्यावर माइक लावला. डेलिथने खाली जाऊन कामं थांबवायला सांगितलं. सुतार, रंगारी, सगळे बाहेर कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसले. स्वतः ती स्पीकर असलेल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत थांबली. आवाज सुरू करण्याआधी पलीकडची मूळ शांतता मोजायची होती.

इमारत गप्प झाली. इतकी गप्प ती वर्षभरात कधी झाली नव्हती.

थोड्या वेळाने कीरन दारात आला. कानावरचे हेडफोन त्याने गळ्यात उतरवले होते.

"इथे अजून कुणी आहे का?"

"नाही. मी एकटीच."

"बाईचा आवाज येतोय. शब्दसुद्धा कळतात. 'आहे मी इथेच, झोप तू,' असं काहीतरी."

डेलिथ म्हणाली, रस्त्यावरचं कुणी असेल. तिने खिडकी पाहिली. बंद होती. रस्त्यावरून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चालला होता. बाहेर जाऊन तिने पोरांना दम भरला, कुणी फोनवर बोलत असेल तर ठेवा म्हणून. पोरांनी माना खाली घातल्या. कुणाच्याच हातात फोन नव्हता.

चाचणी झाली. स्पीकरमधून धबधब्यासारखा आवाज फुटला, जमीन थरथरली. पण भिंतीने किती आवाज अडवला त्याचा आकडा नियमाच्या जरासा खाली आला. भिंत नापास झाली. कीरनने प्लगच्या खोबणींकडे बोट केलं. दोन्ही बाजूंच्या खोबणी पाठीला पाठ लावून कोरल्या होत्या, मधे काहीच भरलेलं नव्हतं. साधं बोलणं पलीकडे कळतंय म्हणजे फट इथेच असणार, तो म्हणाला. दुरुस्ती झाली तर परवा पुन्हा येईन.

काम एम्लिनकडे गेलं. एम्लिन गिलावा करणारा, निवृत्तीला टेकलेला, डेलिथच्या वडिलांबरोबर खाणीत थोडे दिवस काढलेला. त्याने खोबणी उघडल्या, मधे आवाज शोषणारी लोकर ठासली, कडा लुकणाने बुजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिला हाक मारली.

"कीरन यायच्या आधी आपणच बघू. तू पलीकडे जाऊन बोल, मी इथे कान लावतो. ऐकू आलं तर ओरडतो."

ती पलीकडे गेली. भिंतीसमोर उभी राहिली. काय बोलावं ते सुचेना. बराच वेळ गेल्यावर एम्लिन दाराशी आला.

"बोललीस का काही?"

"नाही. काय बोलू?"

"काहीही. रोज बोलतेस तेच बोल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. एम्लिन हातातल्या थापीवरचं लुकण अंगठ्याने खरवडू लागला.

"रोज?"

"तुझी आई गेल्यापासून. एकटी असलीस की. कुणी हसत नाही गं. पोरं ड्रिलसुद्धा बंद करतात तेवढ्यापुरतं."

घरी तिच्या आणि आईच्या खोल्यांच्या मधे नुसती फळ्यांची भिंत होती. गेली कित्येक वर्षं आई झोपेतून दचकून हाक मारायची, डेल, आहेस ना? आणि डेलिथ अर्धवट झोपेत उत्तर द्यायची. हाका कधीकधी रात्रभर चालायच्या. ते उत्तर आपल्या तोंडात अजून आहे, हे तिला माहीत नव्हतं.

एम्लिन परत गेला. त्याच्या बुटांचा आवाज पलीकडे जाऊन थांबला.

तिने भिंतीवर तळहात ठेवला. गिलावा अजून गार होता. "आहे मी इथेच," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून तेच पुन्हा म्हणाली. पलीकडून ओरडण्याचा आवाज आला नाही. मग ती आणखी बोलली. तुझा पलंग नेला गं त्या हॉस्पिटलवाल्यांनी, म्हणाली. काठी न्यायची ते विसरले, दारामागेच आहे. शेजारची ओल्वेन केक घेऊन आली होती, मी दार उघडलं नाही. बोलता बोलता ती खाली बसली, रिकाम्या जमिनीवर, पाठ भिंतीला टेकून.

एम्लिन पुन्हा दाराशी आला तेव्हा ती तशीच बसली होती.

"काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "पास होईल आता."

डेलिथने मान हलवली, पण उठली नाही.

"माझं अजून झालं नाही, एम्लिन."

तो क्षणभर उभा राहिला. मग बाहेर जाऊन त्याने दार ओढून घेतलं.