जिन्याच्या तोंडची फळी

मी एक जुनी लाकडी फळी, मित्रांनो. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण माझं सगळं आयुष्य कशाच्या ना कशाच्या तरी खाली गेलं. आधी सतरंजी होती, मग लिनोलियम आलं. वरच्या मजल्यावर जिना जिथे सुरू होतो, तिथे मला ठोकलेलं आहे. घरातलं प्रत्येक माणूस येताजाता माझ्यावर पाय देतंच देतं.

वखारीत असताना मी चांगली सरळ होते, खोटं नाही सांगत. मला तुळयांवर बसवलं तेव्हा घरमालकाने टाचा आपटून पाहिल्या आणि जमीन अगदी दगडासारखी झालीय म्हणून शाबासकी दिली. पुढे तुळया सुकल्या, बाथरूमचं पाणी मुरलं. माझ्या काही बहिणी फुगल्या, काही खचल्या. माझे तर खिळेच सैल झाले. पाय पडला की मी करकरायची. दिवसातून किती वेळा ते विचारूच नका. दमून गेले होते मी.

हे करकरणं सगळ्यांत जास्त डाचायचं ते आत्याबाईंना. त्यांनी उभा जन्म शिवणकामात काढला. म्हातारपणी नजर अधू होत होत पार गेली, पण जिभेची धार काही गेली नाही. भिंतीला हात लावत त्या खोलीतून बाथरूमकडे निघायच्या. भिंतीला मध्ये कुठे खंड नाही, ती तशीच जिन्याबरोबर खाली उतरत जाते. मी करकरले की आत्याबाई म्हणायच्या, "झाली सुरू भांडखोर," आणि वळायच्या. भाचा आणि भाचेसून हसायचे. मला मात्र ते लागायचं. मी काय हौसेने ओरडत होते?

शेवटी वर नवीन लाकडी फ्लोअरिंग घालायचं ठरलं. लिनोलियम निघालं आणि कित्येक वर्षांनी मला उजेड दिसला. सुताराने सरळ पट्टी टेकवून पाहिली, तर खाली नुसते उंचवटे आणि खड्डे. मग त्याने फुगलेल्यांवर रंधा मारला. खचलेल्यांखाली, तुळईवर, प्लायच्या पातळ पट्ट्या सरकवल्या. एक बहीण पार कुजली होती, ती काढून नवी बसवली. माझ्या पाठीत त्याने लांब स्क्रू पिळले. दुखलं खूप, पण मला वाटलं, सुटले एकदाची. आता मला कुणी बोलायला लावणार नाही.

त्याच दुपारी नवीन पट्ट्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन सुतार जिना चढत होता. आत्याबाई खोलीतून निघाल्या. त्यांचं पाऊल माझ्यावर पडलं आणि मी गप्प राहिले. त्या वळल्याच नाहीत. पुढचं पाऊल त्यांनी सरळ टाकलं, आणि तिथे जमीन नव्हती. सुताराने गठ्ठा टाकून देऊन त्यांना दोन्ही हातांनी धरलं म्हणून निभावलं.

भाचेसून धावत आली. ती पांढरीफटक पडली होती. जिन्याला लगेच फाटक बसवून घेऊ, असं ती म्हणाली आणि सुतारही तयार झाला. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्यावर तळवा टेकवला.

"फाटक रांगत्या पोरांसाठी असतं, सूनबाई. कुठे वळायचं ते मला ही भांडखोर सांगायची. आणि मी समजत होते, माझं मलाच कळतं."

सुतार घुटमळला. फ्लोअरिंगखाली एक फळी सैल सोडली तर लोक त्याच्या कामाला नावं ठेवतील, हे त्याचंही खरंच होतं.

"मग म्हातारी हट्टी होती म्हणून सांगा," आत्याबाई म्हणाल्या. "पण या फळीचे स्क्रू काढा."

त्याने काढले. मित्रांनो, तेव्हा मला रडू आलं. माझा विसावा एक दुपारभरसुद्धा टिकला नाही. आज माझ्या सगळ्या बहिणी नव्या पट्ट्यांखाली निवांत पडल्या आहेत, आणि मी एकटीच कामावर आहे. आवाज थोडा दबलाय, एवढंच.

तुमच्या घरातही काहीतरी करकरत असेल, कुरकुरत असेल. ते जरूर दुरुस्त करा. फक्त त्याआधी बघून घ्या, त्या आवाजाच्या भरवशावर कुणी चालतंय का.

बरं, आता पुरे करते. आत्याबाईंच्या खोलीचं दार उघडलं. मी खूप थकलेय, पण मला करकरायला हवं.