चित्रातल्या गुरांना आवतन

जन्मात मी वडिलांवर एकदाच आवाज चढवला, तोही एका चित्रापायी.

तुमसरला मी राईस मिलमध्ये मॅनेजर, आणि जुन्या वस्तूंचा मला भारी शौक. जवळच्या खाणीवरच्या इंग्रज साहेबाचा जुना बंगला मोडला तेव्हा भंगारातून मी ते तैलचित्र उचललं. इंग्लंडातलं कुरण, ओढा, पाण्याकाठी सहा तांबडी गुरं, कोपऱ्यात १८८१. घरी पाहुणा आला की चहा नंतर, आधी चित्र.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि बाबा बैलजोडी विकून आमच्याकडे राहायला आले. दिवसभर चित्रासमोर खुर्ची टाकून बसायचे. म्हाताऱ्याला कलेची गोडी लागली, असं मी मिलमध्ये कौतुकाने सांगायचो. काय मूर्ख होतो मी!

पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे या दिवशी शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. दुपारी जेवायला घरी आलो तर बाबा स्टुलावर उभे. वाटीत हळद कालवलेलं गरम तेल. पुढच्या गुराचा खांदा अंगठ्याने चोळत म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"बाबा! काय करून राह्यले तुमी?" मी ओरडलो. "दीडशे वर्साचं चित्र हाय ते! अन् ह्या दुधाच्या गाई, विलायती. ह्यायच्या खांद्यावर जू कधी पडलंच नाई!"

बाबा हळूहळू खाली उतरले. वाटी माझ्या बायकोच्या, दीपमालाच्या हातात दिली.

"मंग मी कोनाचे खांदे शेकू, राजकुमार?"

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट त्यांनी तसंच परत केलं. "आवतन अर्धंच राह्यलं," म्हणाले. त्यानंतर खुर्ची त्यांनी खिडकीकडे वळवली.

चित्र मी नागपूरला साफ करायला दिलं. कारागिराचा फोन आला. हळद निघाली, पण एका खांद्यावरचा रंग घासला गेलाय, अंगठ्याएवढी जागा. भरून काढू का?

"भरा," मी म्हटलं. "खूणसुद्धा दिसायला नको."

त्याने काम चोख केलं. माघात बाबा गेले.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी तेल-हळदीची वाटी घेऊन मी चित्रासमोर उभा राहिलो. ती अंगठ्याएवढी जागा चष्मा लावून शोधली, काढून शोधली. सापडली नाही.