नाव मागे घ्यायची वेळ

क्लेटन रस्कने दार वाजवलं तेव्हा ओडेसा प्रुइट मासे तळत होती. सहा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. आला मेला एकदाचा!

खेळाडूंचा एजंट असलेल्या याच रस्कने, याच टेबलाशी बसून, तिच्या थोरल्याला कॉलेजातून एका वर्षात उठवलं होतं. "लामार पहिल्या विसात निवडला जाणार, मिस ओडेसा. माझा शब्द!" पोराने सही केली, कॉलेजची वाट बंद झाली, आणि एनबीएच्या, त्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, निवडीत साठ नावं पुकारली गेली त्यात लामार नव्हता. मग तुर्कस्तानात दोन वर्षं, गुडघ्याचं ऑपरेशन, आणि आता मेम्फिसच्या गोदामात खोकी उचलणं. त्यानंतर या हलकटाने साधा फोनसुद्धा घेतला नव्हता.

आता त्याला धाकटा हवा होता. टेव्हियनने निवडीसाठी नाव दिलं होतं. आज पाचच्या आत ते मागे घेतलं तर कॉलेजात आणखी एक वर्ष, नाहीतर परत फिरणं नाही. तो कोचच्या ऑफिसात बसला होता. निघताना आईला म्हणाला होता, "ममा, रस्ककडे एखाद्या संघाचा खरा शब्द असला तर फोन कर. नाही आला तुझा फोन, तर पाचला पाच मिनिटं कमी असताना नाव मागे घेतो."

"टेव्हियन कुठाय?" रस्कने विचारलं.

"येतोय. बसा, जेवून घ्या."

समोर लामार बसला होता. "काय चँप, बरा आहेस ना?" रस्क म्हणाला. लामारने नुसतं मीठ पुढे सरकवलं.

"यंदा थापा नाहीत, मिस ओडेसा." रस्कने फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून एका संघाचा प्रमुख बोलला, "बाई, दहाव्या नंबरवर तुमचा मुलगा आमचा. ठरलंय आमचं." तो आवाज तिने टीव्हीवर शंभरदा ऐकला होता. शब्द खरा होता.

साडेचार झाले होते. टेव्हियनला कळवायला तिचा हात स्वतःच्या फोनकडे गेला, आणि तिथेच थांबला. खरा असला म्हणून काय झालं? याच्या पदरात माझं दुसरंही पोर टाकू? मेले तरी नाही! तिने त्याच्या ताटात आणखी दोन मासे वाढले.

पाच वाजले. ओडेसाने हात पुसले.

"टेव्हियन येत नाहीये. त्याने नाव मागे घेतलं."

रस्क ताडकन उठला. "वेड लागलंय का तुम्हाला? दहावा नंबर होता!"

"होता ना? मग नीघ आता. आणि सांग गावभर, प्रुइटबाईने तोंडाला पानं पुसली म्हणून!"

तो पाय आपटत गेला. ओडेसा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सहा वर्षांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

फोन वाजला. "ममा, घेतलं मागे," टेव्हियन म्हणाला. "काही नव्हतं ना त्याच्याकडे?"

"काही नाही रे बाळा. नेहमीच्याच थापा."

"वाटलंच मला. बरं झालं तू होतीस."

तिने फोन ठेवला. लामारने ताटाला हात लावला नव्हता.

"असा काय बघतोस? तुझ्यासाठीच केलं मी हे."

"माहितेय," लामार म्हणाला. "टेव्हियनचा तुझ्यावर आहे ना, रस्कवर माझाही असाच विश्वास होता, ममा."